पाय धुण्याची खोली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

श्रद्धेपोटी चालवलेल्या त्या केंद्रात बेघर माणसाला घासाआधी देवाचे नाव ऐकावे लागते का, असे तू विचारले आहेस. मीही हीच शंका मनात ठेवून तेथे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. प्रार्थना होते, पण ती दार उघडण्यापूर्वी आणि केवळ स्वयंसेवकांची. एकदा दार उघडले की आलेल्याला धर्म तर सोडच, घर का सुटले हेही कोणी विचारत नाही.

पहिल्या दिवशी मला पाय धुण्याच्या खोलीत पाठवले, तेव्हा मी मनातून खट्टू झालो. (माझ्यासारख्या शिकलेल्याला निदान नोंदवही मिळेल, अशी माझी समजूत होती!) पण चोरीला जाऊ नयेत म्हणून बूट घालूनच झोपणाऱ्या, दिवसभर चालणाऱ्या आणि भिजलेले मोजे पायांतच वाळवणाऱ्या माणसाची कातडी पांढरी पडून सोलते, बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, आणि मधुमेहाने संवेदना गेली असेल तर जखम चिघळेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. म्हणून पाणी फार गरम नाही ना, हे आधी आपण पाहायचे, धुतल्यावर बेचके नीट कोरडे करायचे आणि जखम दिसताच परिचारिकेला हाक मारायची.

बॉस्टनमध्ये १९८५ साली डॉ. जिम ओ'कॉनेल बेघरांच्या सेवेत आले, तेव्हा निवाऱ्यातल्या परिचारिकांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून आधी रुग्णांचे पाय धुवायला बसवले होते. त्यातले मर्म मला माझ्याच चुकीतून कळले. एका वृद्धाला मी आपुलकीने नाव, मुलेबाळे विचारू लागलो. ते बूट न काढताच उठून गेले. पुढे कित्येक आठवडे ते आले, भिंतीशी बसले, मी गप्प राहिलो, आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच नाड्या सोडल्या. खुर्चीत ते आणि जमिनीवर मी. बोलायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता.

तरीही एक गोष्ट मला खुपते. संध्याकाळी केंद्र बंद होते आणि स्वच्छ केलेले ते पाय पुन्हा त्याच ओल्या रस्त्यावर जातात. घराची गरज पाण्याच्या टबाने भागत नाही, हे केंद्रातले लोकही मान्य करतात आणि म्हणून कागदपत्रांच्या कामातही मदत करतात.

तू येशील तेव्हा जुने कपडे आणू नकोस, ते ढिगाने पडले आहेत. मोजे आण, मोठ्या मापाचे, शक्यतो लोकरीचे, कारण सुती मोजे एकदा भिजले की लवकर वाळत नाहीत.

तुझा,
जुना मित्र