वाळू कोण चाळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला महर्षी विठ्ठल रामजी शिंदेंवरचा लेख ई-पेपरवर वाचला, आवडला. त्यात एक वाक्य येऊन गेलंय की ते १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले आणि त्यासाठी युनिटेरियन लोकांनी त्यांना मदत केली. आता हे युनिटेरियन म्हणजे कोण बुवा, यावर एखादी ओळ तरी टाकायची होतीत. म्हणून लिहायला बसले, आणि खरं सांगायचं तर शिंदे हे निमित्त, बोलायचंय वेगळंच.

मी अमेरिकेत राहते आणि गेली नऊ वर्षं इथल्या एका युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट काँग्रिगेशनमध्ये जाते. काँग्रिगेशनला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतात, मला तो शब्द जास्त आवडतो, कारण त्यात देऊळ नाही, इमारत नाही, नुसती माणसं आहेत. मूळचे युनिटेरियन म्हणजे देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य आम्हाला मान्य नाही असं म्हणणारे. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतले युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट (म्हणजे शेवटी सगळ्यांचाच उद्धार होतो असं मानणारे) एकत्र आले, आणि आज आमच्या हॉलमध्ये नास्तिक बसतात, ज्यू घरातले बसतात, बौद्ध ध्यान करणारे बसतात, माझ्यासारखी हिंदू घरातली पण बसते. कोणाला काही कबूल करावं लागत नाही.

आणि यांना पोप नाही, बिशप नाही. बोस्टनला मध्यवर्ती असोसिएशन आहे पण ती कुठल्याही मंडळीला हुकूम सोडू शकत नाही, मिनिस्टर म्हणजे धर्मोपदेशक कोण हवा ते सभासद मतदान करून ठरवतात, बजेट तेच पास करतात, बिल्डिंग त्यांचीच. ऐकायला फार भारी वाटतं, मलाही वाटलं होतं. मग दोन-तीन वर्षांनी कळतं की वर कोणी नाही याचा अर्थ छप्पर गळायला लागलं तर रडायलाही वर कोणी नाही, शिडी तुम्हीच आणायची.

लोक येतात, मिनिस्टरचं सर्मन म्हणजे प्रवचन ऐकतात, वा काय सुंदर बोलले म्हणतात, कॉफी पितात, घरी जातात. मीही पहिली तीन वर्षं हेच केलं. एका रविवारी छत्री विसरले म्हणून परत आत गेले तर रिकाम्या हॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी एकटेच उभे होते, हातात स्वयंपाकघरातली चाळणी. आमच्याकडे सर्व्हिसमध्ये, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एक भाग असतो, ज्याला मनातलं काही सांगायचंय, आनंदाचं किंवा दुःखाचं, तो पुढे येऊन एक बारीक मेणबत्ती लावतो आणि वाळू भरलेल्या पसरट भांड्यात खोचतो. कोणाला नातू झालेला असतो, कोणाचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो, कोणी काहीच न बोलता लावून जातं. तर हे गृहस्थ ती विझलेली थोटकं एकेक उपटून डब्यात टाकत होते आणि मग वाळू चाळत होते, कारण वितळलेलं मेण वाळूत सांडून त्याचे खडे होतात आणि मग पुढच्या रविवारी मेणबत्ती नीट उभी राहत नाही, पडते. मी विचारलं हे दर आठवड्याला? तर म्हणाले हो, बरीच वर्षं झाली, आणि परत चाळायला लागले. त्या दिवशी सकाळी मी माझ्या आईसाठी मेणबत्ती लावली होती. तिचं थोटूक त्या डब्यातच कुठेतरी असणार.

तेव्हापासून माझी नजरच बदलली म्हणा ना. सर्व्हिस सुरू व्हायच्या दीड तास आधी दार कोण उघडतं, हीटर कोण लावतं, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्या यंत्रांच्या बॅटऱ्या कोण बदलतं, मुलांच्या वर्गावर कोण असतं (तिथे एकटी मोठी व्यक्ती मुलांसोबत कधीच ठेवत नाहीत, नेहमी दोघं, आणि दोघांचीही आधी चौकशी झालेली असते, त्यामुळे एकाने सकाळी दांडी मारली की त्या विभागाच्या बाईंची जी पळापळ होते ती बघवत नाही), दानाचे पैसे मोजायला एका घरातली दोन माणसं का बसवत नाहीत, हे सगळं दिसायला लागलं. कोणी गेलं की शोकसभेत भाषणं करणारे पाच असतात, आणि आत सिंकपाशी शंभर कप धुणाऱ्या दोघीच असतात, त्यातली एक बहुतेक वेळा मीच.

मी मग साऊंड डेस्कवर बसायला लागले. २०२० मध्ये सगळं झूमवर गेलं आणि परत हॉलमध्ये आलो तरी घरून बघणारे लोक राहिलेच, म्हणजे काम दुप्पट झालं, माणसं तेवढीच. एकदा मी ऑनलाईनचा माईक म्यूटवरच ठेवला आणि सर्मनची पहिली सात मिनिटं घरी बसलेल्यांना नुसते ओठ हलताना दिसले. नऊ वर्षांत मला सगळ्यात जास्त फोन आणि मेसेज त्या एका दिवशी आले. बाकीच्या रविवारी आवाज नीट पोचतो तेव्हा कोणी फोन करत नाही, ते असो.

आता एक गंमत सांगते जी बऱ्याच सभासदांनाही माहीत नसते. युनिटेरियन लोकांचं चिन्ह म्हणजे पेटती ज्योत असलेला चषक, दर रविवारी सुरुवातीला तो पेटवतात. लोकांना वाटतं हे कुठलं तरी प्राचीन धर्मचिन्ह असेल. नाही हो! ते १९४१ मध्ये लिस्बनला तयार झालं, आणि तेही ऑफिसच्या कामासाठी. नाझींपासून पळणाऱ्या लोकांना युरोपबाहेर काढायचं काम युनिटेरियन सर्व्हिस कमिटी करत होती, त्यात कागदपत्रं फार महत्त्वाची, आणि नवख्या संस्थेचा कागद सरकारी टेबलावर कोण विचारतो, म्हणून कमिटीचे चार्ल्स जॉय यांनी हान्स डॉइच नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराला शिक्क्यासाठी एक चित्र काढायला सांगितलं. डॉइच स्वतःच निर्वासित, पॅरिसहून पळून आलेला, आणि युनिटेरियन तर नव्हताच. म्हणजे आज जो दिवा आम्ही भक्तिभावाने लावतो तो मुळात कारकुनी कागदावरचा शिक्का आहे, फायली, परवाने आणि टाईपरायटर सांभाळणाऱ्यांच्या टेबलावरून आलेला. मला तर ही कथा कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त आवडते.

पण सगळं गोडच लिहिणार नाही. आमचा एक माणूस शुक्रवारी रात्री आणि रविवारी दुपारी येऊन अख्खी बिल्डिंग साफ करतो, तासावर पगार. मंडळीचा मोठा वर्धापनदिन झाला तेव्हा छापील पत्रिकेत आभाराची चाळीसेक नावं होती, माझं पण होतं, त्याचं नव्हतं. मी मीटिंगमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, तो स्टाफ आहे, व्हॉलंटियर नाही, त्याला आपण पैसे देतो. आता १९८५ मध्ये या लोकांनी जी सात तत्त्वं स्वीकारली त्यात पहिलंच होतं की प्रत्येक माणसाला उपजतच मोल आणि प्रतिष्ठा आहे (२०२४ मध्ये ती सगळी मांडणी बदलली, पण माणसं तीच आहेत ना), आणि इथे पगार दिला की प्रतिष्ठा वजा! मी जरा आवाज चढवूनच बोलले. पुढच्या वर्षी नाव आलं. स्पेलिंग चुकलेलं होतं.

दुसरं म्हणजे काम करणारे तेच ते दहा-बारा. दरवर्षी कमिट्यांवर नावं सुचवणाऱ्यांचा फोन यायला लागला की एरवी लोकशाहीवर तासभर बोलणारे लोक फोनच उचलत नाहीत. मग त्याच बाई परत खजिनदार, तेच आजोबा परत बिल्डिंग कमिटी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं हे एक-दोन वर्षं ठीक असतं, अकरा वर्षं एकाच बाईने भाजायच्या म्हणजे काय? आमच्या आधीच्या खजिनदार शेवटी वैतागून मंडळीच सोडून गेल्या. त्या गेल्यावर त्यांचं काम तिघांत वाटावं लागलं, तेव्हा कळलं त्या काय काय करत होत्या.

तर आता परत शिंद्यांकडे येते. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं हे लेखात आहे, पण त्यांच्या बहीण जनाक्का त्या कामात त्यांच्यासोबत होत्या, त्यांचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. व्याख्यान कोणी दिलं, प्रस्ताव कोणी मांडला हे सगळं आपण लिहून ठेवतो. शाळेतली पोरं रोज कोणी सांभाळली, वसतिगृहात आजारी मुलाच्या उशाशी कोण बसलं, प्रार्थना समाजात उपासनेआधी सतरंज्या कोणी घातल्या, याची नोंद कुठे असेल तर वाचायला आवडेल. तुमच्या लेखकांना विनंती की एखादी पुरवणी जनाक्कांवर काढा.

अजून बरंच लिहिता आलं असतं पण उद्या रविवार आहे, चषकात तेल भरायची पाळी या महिन्यात माझी आहे आणि मागच्या वेळी मी कमी भरलं होतं, सर्मनच्या मध्येच विझला.

आपली,
एक नियमित वाचक