पाऊस न लागणारा पत्रा आधी सडतो

मा. संपादक,

तुमच्या पेपरात घराच्या डागडुजीवर अधूनमधून येत असतं, पण ते सगळं रंग, फरशी, किचन यावरच, छपराचा नंबर लागतो तो गळायला लागल्यावर. त्यात समुद्राकाठच्या घराचं गणितच वेगळं, म्हणून हे पत्र.

"एवढा पाऊस पडतो, पत्रा आपोआप धुतला जातो की" हे मी कायम ऐकतो आणि ते अर्धंच खरं आहे. वरची बाजू धुतली जाते, मान्य, पण वळचणीखाली, पन्हाळीच्या मागे, सोलर पॅनलच्या सावलीत पाऊस पोचतच नाही आणि खारा वारा मात्र बरोब्बर पोचतो. वळचणीखाली हात घालून पत्र्यावरून बोट फिरवून बघा, पांढरट चिकट थर लागतो की नाही. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं, म्हणजे पावसाचा थेंब नसतानाही पत्रा रात्रभर ओलाच, आणि तोही मिठाच्या पाण्याने. मग पत्र्यावरचा जस्ताचा थर आधी पिठासारखा पांढरा भुरभुरीत होतो, तो संपला की लाल गंज, आणि आपण खाली बसून म्हणतो पत्रा नवीनच तर होता!

उपाय अगदी साधा आहे, गोड्या पाण्याने धुणं. होजपाइप घ्यायचा, पत्रा वरून धुवायचाच पण जिथे पाऊस लागत नाही ती जागा आधी, निदान वर्षातून दोनदा, घर अगदी लाटांच्या तोंडावर असेल तर त्याहून जास्त वेळा. प्रेशर पंपाने जोरात मारू नका, पाणी जोडातून आत घुसतं आणि जुना रंग उचकटतो. पन्हाळीतला पाला काढा, तो ओलं मीठ धरून ठेवतो.

आता स्क्रूबद्दल, कारण खरी बोंब तिथे असते. चांगला कलर कोटेड पत्रा घेतात आणि तो बसवायला जे स्वस्तात मिळतील ते स्क्रू. पत्रा शाबूत आणि स्क्रूचं डोकं गळून गेलेलं असं दृश्य किनाऱ्यावर ढिगाने बघायला मिळेल. वादळी वाऱ्यात पत्रा उचलला जातो तो कडेला, कोपऱ्यात आणि माथ्यावर, तिथेच वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते, त्यामुळे वर्षातून एकदा या जागचे स्क्रू तरी हाताने तपासा. रबरी वायसर उन्हाने कडक होऊन चिरतो, तो बदलायचा असतो, त्याच्यावर डांबर थापायचं नसतं. स्टेनलेस घ्यायचं तर 316 नंबरचं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत नेहमीच्या 304 नंबरच्या स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. पण इथे एक गोची आहे, जस्ताचा थर असलेल्या पत्र्यात स्टेनलेस स्क्रू मारला की दोन धातूंच्या भांडणात स्क्रूभोवतीचा पत्राच खाल्ला जाऊ शकतो, म्हणून पत्रा बनवणारा कोणता स्क्रू सांगतो ते बघूनच घ्या. एसीच्या तांब्याच्या पाइपवरून ओघळणारं पाणी पत्र्यावर पडू देऊ नका, तिथेही हेच. आणि छपरावर बसून ग्राइंडरने पत्रा कापणाऱ्याला थांबवा, तो लोखंडाचा कीस रंगात रुततो आणि थोड्याच दिवसात सगळीकडे तांबडे ठिपके.

रंग मारायचा तर आधी गंज घासून मग मीठ धुऊन पूर्ण वाळवायचं, नंतर प्रायमर. मिठावरच रंग फासला तर तो फुगून पापुद्रे सुटणार, मग दोष रंगाच्या कंपनीला.

स्लॅबवाल्यांनीही हसू नये. मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत जातं, सळई गंजली की तो गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि स्लॅबचा खालचा थर फुगून खाली येतो. त्याच्यावर सिमेंटचा हात मारून चालत नाही, सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, सळई साफ करून मगच भरायचं. हे काम भिंतीला गिलावा करणाऱ्याचं नाही एवढं नक्की. कौलारू घरवाल्यांनी माथ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे माथा झाकणाऱ्या कौलांचा, मसाला भेगाळलाय का ते बघावं, पाणी बऱ्याचदा तिथूनच शिरतं.

शेवटी तुमच्याच पानांवर येणाऱ्या जाहिरातींबद्दल. पत्र्याच्या वॉरंटीचा आकडा मोठा छापलेला असतो पण अनेक वॉरंट्यांमध्ये समुद्रापासूनच्या अंतराची अट आणि पाऊस न लागणारा भाग धुतलाच पाहिजे अशीही अट बारीक अक्षरात असते, धुतला नाही तर क्लेम गेला. ती अट पण जरा वाचता येईल अशा अक्षरात छापायला सांगा की. आणि वाचकांनो, पैसे द्यायच्या आधी आपल्या घराचं समुद्रापासूनचं अंतर आणि स्क्रूचा ग्रेड दोन्ही बिलावर लिहून घ्या.

– समुद्राकाठचा एक वाचक