बेसबॉलची कार्डे आणि इंजिनांचे क्रमांक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील लिलावात एखादे जुने बेसबॉल कार्ड कोट्यवधी रुपयांना गेले की त्याची बातमी मराठी वृत्तपत्रांतही चौकटीत छापून येते. रेल्वेच्या छंदी मंडळींची बातमी मात्र बहुधा तेव्हाच होते, जेव्हा त्यांच्यापैकी कोणी रुळांजवळ चित्रण करताना जखमी होतो. मी मूळची कल्याणची असून गेली बरीच वर्षे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात राहते आणि हे दोन्ही छंद मनापासून जोपासते. अशा बातम्यांतून वाचकांसमोर या छंदांचे जे चित्र उभे राहते ते फार अपुरे आहे, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे, की कार्डे जमवण्याचा आनंद त्यांच्या किमतीवर अवलंबून नसतो. इंजिन पाहून त्याचा क्रमांक वहीत टिपणाऱ्या माणसाकडे पाहिले म्हणजे हे लगेच पटते, कारण त्याने जे जमवलेले असते त्याला बाजारात कवडीचीही किंमत नसते आणि तरीही त्याचा आनंद कार्डे जमवणाऱ्याच्या आनंदाहून तसूभरही कमी नसतो.

ज्या वाचकांनी ही कार्डे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र आणि मागच्या बाजूला त्याची माहिती असलेला, तळहातावर मावणारा हा जाड कागदाचा तुकडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटच्या पाकिटात घातला जात असे. पाकिटाला ताठपणा यावा आणि गिऱ्हाइकाने पुन्हा तोच छाप मागावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डे मुलांच्या हाती आली. आज ज्याला आपण बेसबॉल कार्ड म्हणतो त्याचे रूप टॉप्स या कंपनीच्या १९५२च्या ४०७ कार्डांच्या संचाने बऱ्याच अंशी ठरवले: रंगीत चित्र, संघाचे चिन्ह, आणि मागे क्रमांक, अल्पपरिचय व कामगिरीचे आकडे. संचात किती कार्डे आहेत हे ठाऊक असल्यामुळे आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हेही नेमके ठाऊक असते. ज्यांनी लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे किंवा काड्यापेट्यांचे छाप जमवले आहेत त्यांना राहिलेल्या एका चित्राची हुरहुर आणि जास्तीचे चित्र देऊन हवे ते मिळवण्याची खटपट मी वेगळी सांगायला नको.

मला स्वतःला मात्र संच पुरा करण्यापेक्षा एकाच खेळाडूची कार्डे वर्षवारीने ओळीत मांडून पाहण्यात अधिक आनंद वाटतो. पिट्सबर्ग पायरेट्स या आमच्या शहराच्या संघाकडून रॉबर्टो क्लेमेंटे हा पोर्तो रिकोचा खेळाडू १९५५ पासून १९७२ पर्यंत खेळला. त्याची टॉप्सची सगळी कार्डे क्रमाने लावली, तर पहिल्या दोन वर्षांच्या कार्डांवर ‘रॉबर्टो’, १९५७ पासून १९६९ पर्यंत ‘बॉब’ आणि १९७० पासून पुन्हा ‘रॉबर्टो’ असे छापलेले दिसते. क्लेमेंटेला ‘बॉब’ म्हटलेले आवडत नसे आणि आपली ही नापसंती त्याने लपवलीही नव्हती. स्पॅनिश बोलणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव अमेरिकी प्रेक्षकांच्या सोयीसाठी परस्पर बदलून टाकण्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, तो हा काळ. १९६६चे एकटे कार्ड हातात घेतले तर यातले काही कळत नाही. ओळ मांडली की एका माणसाला स्वतःचे नाव परत मिळायला किती हंगाम जावे लागले ते डोळ्यांसमोर येते. १९७२च्या हंगामाअखेर त्याच्या नावावर बरोबर तीन हजार फटके जमा झाले होते, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले विमान समुद्रात कोसळून त्याचा मृत्यू झाला. टॉप्सने १९७३च्या संचातही त्याचे कार्ड काढले. त्याच्या मागच्या तक्त्यातील शेवटची ओळ १९७२ची आहे आणि त्याखाली कारकिर्दीची बेरीज आहे. हे कार्ड फारसे दुर्मीळ नाही आणि महागही नाही, तरी माझ्या संग्रहात त्याहून मोलाचे दुसरे नाही.

ज्या कार्डांच्या बातम्या होतात त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण त्यांची खरी गोष्ट आकड्यापेक्षा कितीतरी रंजक आहे. पायरेट्सचाच जुना खेळाडू होनस वॅग्नर याचे कार्ड अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या संचात होते, पण त्याची छपाई लवकरच थांबवण्यात आली. कार्डाच्या मोहाने मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून वॅग्नरने संमती नाकारली असे काही सांगतात, तर मोबदल्यावरून बिनसले असे काहींचे मत आहे. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या मोजक्याच, काही डझन प्रती उरल्या आहेत आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये त्यांतील एक साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. त्याच महिन्यात टॉप्सच्या १९५२च्या संचातील मिकी मँटलचे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेले. या दुसऱ्या कार्डाची कथा तर विलक्षण आहे. १९५२ साली हंगामाच्या शेवटी बाजारात आलेल्या, म्हणून न खपलेल्या कार्डांची खोकी गोदामात जागा अडवून बसली होती. ती आपण १९६०मध्ये तराफ्यावर लादून अटलांटिक महासागरात बुडवली, असे तो संच तयार करणारे साय बर्गर यांनीच पुढे सांगितले. ज्यांना कोणी फुकटही न्यायला तयार नव्हते त्यांना पुढे हा भाव आला. उलट, एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भविष्यात भाव येईल या आशेने लोकांनी पेट्याच्या पेट्या न फोडता साठवल्या आणि कंपन्यांनीही अमाप छापल्या. त्यांतील बहुतेक कार्डांना आज कोणी विचारत नाही. ज्यांनी त्या पेट्या गुंतवणूक म्हणून ठेवल्या त्यांचे पैसे तर गेलेच, शिवाय पाकीट फोडून आत कोण निघाले हे पाहण्याचे सुखही गेले.

या छंदात ज्यांना मी मनोमन मानते ते जेफरसन बर्डिक न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजचे, बेताच्या कमाईचे गृहस्थ होते. अमेरिकेत निघालेल्या छापील कार्डांची पद्धतशीर सूची त्यांनी तयार केली. वॅग्नरच्या संचाला संग्राहक आजही ‘टी-२०६’ म्हणतात, तो क्रमांक त्यांच्याच सूचीतला. स्वतःची तीन लाखांहून अधिक कार्डे व कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि संधिवाताने बोटे आखडलेली असतानाही वर्षानुवर्षे तिथे बसून ती स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवली. १९६३च्या जानेवारीत हे काम संपले आणि मार्चमध्ये ते गेले. त्यांनी दिलेल्या संग्रहात वॅग्नरचे ते कार्डही आहे.

आता रेल्वेकडे वळते. इंजिनांचे क्रमांक टिपण्याच्या छंदाला ब्रिटनमध्ये जे लोकव्यापी रूप आले त्याचे श्रेय इयान ॲलन या सदर्न रेल्वेतील तरुण कारकुनाला जाते. लंडनच्या वॉटर्लू कार्यालयात इंजिनांविषयी विचारणा करणाऱ्या पत्रांना उत्तरे देऊन थकल्यावर सगळ्या इंजिनांची यादी एका पुस्तिकेत छापावी असे त्याने सुचवले. वरिष्ठांनी मनावर घेतले नाही, म्हणून १९४२मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याने ती स्वतः काढली आणि ती हातोहात संपली. पुढे इतर रेल्वे कंपन्यांच्याही अशा पुस्तिका निघाल्या. पोरांनी फलाटाच्या टोकाशी उभे राहायचे, इंजिन दिसले की पुस्तिकेतील त्याच्या क्रमांकाखाली रेघ मारायची, आणि एखाद्या वर्गातील सगळी इंजिने पाहून होईपर्यंत दम घ्यायचा नाही, असा हा सगळा व्यवहार होता. गर्दीमुळे काही ठिकाणी मुले रुळांवर उतरू लागली तेव्हा ॲलननेच एक क्लब काढला आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणार नाही अशी प्रतिज्ञा सदस्यांकडून घेतली. आज आपल्याकडे चालत्या गाडीसमोर चित्रण करणाऱ्या तरुणांविषयी जी काळजी व्यक्त होते तिच्यावर ब्रिटनमध्ये ऐंशी वर्षांपूर्वीच, छंदाला बंदी न घालता, शिस्तीचा उपाय योजला गेला होता, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१९६८च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील नियमित वाफेच्या गाड्या बंद झाल्या, तरी छंद संपला नाही. १९३८मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’ या इंजिनाच्या वर्गातील पस्तीस इंजिनांपैकी सहाच उरली आहेत आणि त्यांतील दोन अटलांटिकपलीकडे अमेरिकेत व कॅनडात आहेत. विक्रमाच्या पंच्याहत्तरीनिमित्त २०१३मध्ये ही दोन्ही जहाजाने आणून साही इंजिने यॉर्कच्या संग्रहालयात एकत्र मांडण्यात आली तेव्हा ती पाहायला लोक लोटले, आणि त्यांतील एकही माणूस तिथून काही विकत घेऊन श्रीमंत होण्यासाठी आलेला नव्हता.

आमच्याकडे, पिट्सबर्गच्या पूर्वेला अल्टूना गावाजवळ ॲलेघेनी डोंगर चढण्यासाठी १८५४मध्ये बांधलेले घोड्याच्या नालाच्या आकाराचे रेल्वेचे वळण आहे. तिथे रुळांच्या अगदी जवळ, पण कुंपणाआड, लोकांना बसून गाड्या पाहता येतील अशी बाग केलेली आहे. मालगाडीचे पुढचे टोक डोंगराच्या एका कुशीवर आणि मागचे समोरच्या कुशीवर, असे दृश्य तिथे नेहमी दिसते, आणि मागून जोर लावणारी जादा इंजिने दिसली की मला हटकून बोर घाट आठवतो. त्या वळणावरचा चढ साधारण पंचावन्न फुटांना एक फूट आहे. १८६३मध्ये सुरू झालेल्या आपल्या बोर घाटाचा सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे बराच अधिक खडा. नॉरफोक सदर्न ही तिथली कंपनी. तिने २०१२मध्ये आपली वीस इंजिने आपल्यात विलीन झालेल्या जुन्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत रंगवली, आणि ती सगळी पाहण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. कार्डांच्या संचाची गोडी इथे जशीच्या तशी आली आहे, फक्त घरी नेण्यासारखे काही नाही. अल्टूनाच्या बेसबॉल संघाचे नावही या वळणावरूनच ठेवलेले असून तो पायरेट्सचा दुय्यम संघ आहे, त्यामुळे माझे दोन्ही छंद एकाच दिवशी, एकाच गावात पुरे होतात.

कल्याणच्या माणसाला तर याचे बाळकडू घरबसल्या मिळते. इगतपुरीकडचा आणि कर्जतकडचा मार्ग तिथे वेगळे होतात, शेजारीच इंजिनांची शेड आहे, आणि इंजिनाच्या अंगावर लिहिलेली अक्षरे एकदा वाचता आली की मग ती वाचल्याशिवाय राहवत नाही: ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘ए’ म्हणजे एसी वीज, ‘सी’ म्हणजे डीसी, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘पी’ प्रवासी गाडीसाठी, ‘जी’ मालगाडीसाठी, ‘एम’ दोन्हींसाठी. मुंबईचा विजेचा पुरवठा डीसीवरून एसीवर नेण्याचे काम मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५मध्ये पुरे झाले आणि घाटात पिढ्यान्‌पिढ्या जोर लावणारी डीसी इंजिने गेली. ती ज्यांनी क्रमांकानिशी टिपून ठेवली त्यांच्या वह्या हा आपल्या रेल्वेचा इतिहास आहे. १९८९मध्ये अमेरिकेतील काही भारतीयांनी सुरू केलेल्या इंडियन रेल्वेज फॅन क्लबने अशी माहिती जपण्याचे मोठे काम केले आहे आणि त्यात मराठी मंडळीही मनापासून सहभागी आहेत.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्याला: लिलावाची बातमी जरूर द्यावी, पण तिच्याबरोबर त्या कार्डावरचा खेळाडू कोण होता आणि ते कार्ड दुर्मीळ का झाले हे चार ओळींत सांगावे, आणि काड्यापेट्या, तिकिटे, इंजिनांचे क्रमांक असे काहीबाही निगुतीने जमवणाऱ्या वाचकांच्या लेखनाला पुरवणीत अधूनमधून जागा द्यावी. दुसरी विनंती मध्य रेल्वेला, आपल्यामार्फत: पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून घाटाची इंजिने जोडली जातात, आणि नाशिककडे जाणाऱ्यांना कसाऱ्याला. या दोन ठिकाणी, किंवा प्रत्यक्ष घाटात जिथे शक्य असेल तिथे, अल्टूनाप्रमाणे कुंपणाआडची एक सुरक्षित जागा लोकांसाठी करावी, मुलांना तिथे मोकळेपणाने उभे राहून क्रमांक टिपू द्यावेत, आणि एका फलकावर इंजिनांच्या अक्षरांचा अर्थ, घाटाचा चढ आणि तो मार्ग सुरू झाल्याचे साल एवढे मराठीत लिहावे.

आपली नम्र,
एक वाचक
पिट्सबर्ग, पेन्सिल्व्हेनिया