उष्माघात म्हणजे ताप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की ‘काय करावे, काय टाळावे’ अशा चौकटी वर्तमानपत्रांत येतात. पाणी प्या, रुमाल बांधा, दुपारी बाहेर पडू नका, हे सारे बरोबरच आहे. पण उन्हात कोसळलेल्या माणसाचे अंग चटका बसेल इतके तापले असले की घरात आधी तापाची गोळी शोधली जाते. ती इथे का लागू पडत नाही, हे त्या चौकटीत यायला हवे.

मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या लगेच वर, जेमतेम ४ ग्रॅम वजनाचा हायपोथॅलॅमस असतो. त्याच्या पुढच्या भागातील काही चेतापेशी तिथल्या रक्ताचे तापमान सतत जोखतात. त्वचेकडूनही त्याला वर्दी मिळत असते. ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायचे, हा त्याचा ठरलेला आकडा. पारा वर गेला की तो त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. खाली आला की त्याच वाहिन्या आक्रसतात आणि अंग थरथरू लागते.

तापात हा आकडाच बदलतो. जंतुसंसर्ग झाल्यावर पांढऱ्या पेशी जी रसायने सोडतात, त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होते आणि आकडा, समजा, ३९.५ वर सरकतो. मग ३७ अंशांचे शरीर हायपोथॅलॅमसच्या लेखी गार ठरते. म्हणून हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात, रुग्ण गोधडी मागतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, आकडा पुन्हा ३७ वर येतो आणि घाम फुटून ताप उतरतो.

उष्माघातात आकडा ३७ वरच असतो. हायपोथॅलॅमस जिवाच्या आकांताने शरीर गार करू पाहत असतो, पण आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झालेली असते. गोळीने खाली आणावे असे तिथे काही नसतेच. उलट उष्माघातात यकृताला आधीच इजा होत असते, त्यात पॅरासिटामॉलची भर पडते. ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा तोल किती लवकर जातो, ते पाहा. ६० किलो वजनाच्या माणसाचे तापमान १ अंशाने वाढायला साधारण ५० किलोकॅलरी उष्णता पुरते. कष्टाच्या कामात शरीरात तासाला ३०० किलोकॅलरी उष्णता सहज तयार होते. ती बाहेर पडलीच नाही, तर दर १० मिनिटांनी १ अंश. वरून उन्हाची भर वेगळी. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे तासाला अर्ध्या लिटरहून थोडा जास्त घाम वाळला तरी निभावते. मात्र तो वाळायला हवा. अंगावरून निथळून गेलेला घाम काहीच गार करत नाही. विदर्भात माठातले पाणी जसे गार होते तसे कोकणच्या दमट हवेत होत नाही, आणि घामाचेही तसेच आहे. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, तेव्हा नवी मुंबईचा पारा विदर्भासारखा ४५ वर गेलेला नव्हता.

पाण्याचा हिशेबही हायपोथॅलॅमसच ठेवतो. रक्ताची संहती १-२ टक्क्यांनी वाढली तरी तो तहान जागवतो आणि लघवी रोखणारे व्हॅसोप्रेसिन पाठवतो. पाणी फारच कमी झाले की घामही उशिरा सुटतो आणि शरीर झपाट्याने तापते. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा आजी-आजोबांना ‘तहान लागली का’ असे विचारत बसू नये. ठरावीक वेळाने पेला हातात द्यावा. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरू शकते. अशा वेळी ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात विरघळवून थोडे थोडे घ्यावे; अर्ध्या पाकिटाचे अंदाजे मिश्रण करू नये.

आता प्रत्यक्ष प्रसंग. माणूस उन्हात किंवा कोंदट शेडमध्ये होता आणि असंबद्ध बोलतो आहे, झोकांड्या खातो आहे, झटके येत आहेत किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघातच समजावा. आतले तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेले असते, पण काखेतला थर्मामीटर ते कमी दाखवू शकतो. त्यावर विसंबू नये. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज तर घातक आहे. काम करताना कोसळलेला मजूर घामाने चिंब असू शकतो.

१०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता गार करायला लागावे. सावलीत आणून कपडे सैल करावेत, काढता येतील तेवढे काढावेत, अंगभर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. नळाचे पाणी चालते. ओली चादर गुंडाळून ठेवली तर ती तापते आणि घाम वाळणेही थांबवते. काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवावा, पण त्याने एकट्याने भागत नाही. तरुण, धडधाकट कामगार किंवा धावपटू असेल तर गार पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवणे सर्वांत परिणामकारक. डोके मात्र कुणीतरी सतत धरून ठेवायला हवे. अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांच्या खाली यावे, हे उद्दिष्ट. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे. कोरड्या अंगावर नुसता पंखा लावणे ४० अंशांवरच्या हवेत उपयोगाचे नाही, तिथे अंग ओले हवेच.

कंत्राटदारांसाठीही एक गोष्ट छापावी. उन्हाची सवय व्हायला शरीराला १ ते २ आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम असा, की नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हातले काम २० टक्केच द्यावे आणि पुढे रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावे. लग्नसराईसाठी महिनाभर गावी जाऊन आलेल्या जुन्या मजुराचीही सवय मोडलेली असते.

काही औषधेही या यंत्रणेच्या आड येतात : पोटात मुरडा आला की घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि सर्दी-खाजेची जुनी औषधे घाम कमी करतात, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी घटवतात, मनोविकारांवरची काही औषधे थेट हायपोथॅलॅमसच्या कामात ढवळाढवळ करतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मार्चमध्येच डॉक्टरांना कागद दाखवून उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे विचारून घ्यावे.

– शरीरक्रियाशास्त्राचे दोन अध्यापक, नागपूर