जिथे गिऱ्हाईक परत येतं, तिथे जेव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की नव्या गावी उतरलं की तासभर रेटिंग चाळत बसतोस आणि शेवटी कंटाळून मुक्कामाच्या हॉटेलातच खाली जाऊन जेवतोस. आणि घरी असलास की रोज बाहेरून मागवतोस. पहिलं ऐकून हसू आलं, दुसरं ऐकून जरा राग आला. बोलायला लागले की तू "हो गं आई, हो गं" करून फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे. माझीही उमेदीची वर्षं फिरतीच्या नोकरीत गेली. बाकी कशात नाही तरी या बाबतीत माझं ऐकायला हरकत नाही.

आधी धंद्याचा हिशेब समजून घे. समोर बसलेला माणूस पुन्हा या दारात येणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला तुला चांगलं खाऊ घालायची निकड नसते. तो वाईट माणूस असतो असं मुळीच नाही. प्रसिद्ध इमारतीच्या समोर, स्टेशनाच्या तोंडाशी, समुद्राच्या अगदी पहिल्या रांगेत जागेचं भाडं भरमसाट असतं आणि गिऱ्हाईक रोज नवं. कमाईतला मोठा वाटा भाड्यात जातो, मग काटकसर व्हायची ती भटारखान्यातच. दोन-तीन गल्ल्या आत शिरलास की भाडं उतरतं आणि तिथल्या माणसाचं पोट आसपासच्या लोकांवर चालतं. ते रुसले तर त्याला टाळं लावावं लागेल. परगावी मी पाटी, सजावट, दिवे काही बघायची नाही. आत बसलेले लोक पुन्हा येणारे आहेत का, एवढंच बघायची.

ते बाहेरून कळतं. दारात दोन मिनिटं उभा राहा, कुणी हाकलत नाही. मेनूकार्ड न उघडता कुणी ऑर्डर देतंय का? एकटा माणूस पेपर वाचत निवांत जेवतोय का? गल्ल्यावरचा माणूस आत येणाऱ्याला नुसती मान हलवून ओळख देतोय का? आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते: उष्ट्या ताटांकडे बघ. आत भरून जाणारी ताटं बघून सगळेच भुलतात, बाहेर जाणारी कुणी बघत नाही. वेटर टेबल आवरून निघाला की त्याच्या हातातल्या ताटल्या नजरेखालून घालायच्या. पुसून खाल्ल्यासारख्या रिकाम्या असतील तर खुशाल बस. पाच टेबलांवरून तोच पदार्थ अर्धा टाकलेला परत चालला असेल तर तो मागवायचा नाही, आणि सगळंच अर्धवट परत चाललं असेल तर पाणी पिऊन उठायचं. उठून जायला लाजू नकोस. तुझ्या बाबांना ही लाज फार. एकदा बसलं की बसलं.

ही पाहणी मात्र त्या गावाच्या जेवायच्या वेळेला करायची. भलत्या वेळी हॉटेल रिकामं दिसलं म्हणून ते वाईट ठरत नाही आणि तिथे कुणाला दोष देण्यातही अर्थ नाही. गावात लोक किती वाजता जेवतात हे आल्या आल्या विचारून घे.

मेनूकार्ड जाडजूड, फोटोंसकट, चार-पाच भाषांत छापलेलं असेल तर सावध हो. आत जेमतेम चार माणसं राबत असताना शंभर पदार्थ ताजे होणं शक्य नाही. मग एक तर फ्रीझर उघडायचा, नाहीतर एकाच रश्शाला चार नावं द्यायची. एका पानाचं कार्ड, त्यात आजची तारीख, एखाद्या ओळीवर काट मारलेली, हे बघून माझा जीव भांड्यात पडतो. "ते संपलं" हे वाक्य ऐकून तू खट्टू होतोस. मी होत नाही. संपतं म्हणजे रोजच्यापुरतं आणतात आणि रोज करतात. त्याहून खरी पारख म्हणजे "आज मासे नका घेऊ" असं आपण होऊन सांगणारा वेटर. त्याने तुझ्या एका ऑर्डरीवर पाणी सोडलं, कारण तू परत यावंस असं त्याला वाटतं.

विचारायचं कुणाला? मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवर "इथे चांगलं कुठे मिळतं" असं विचारलंस की ठरलेलं नाव येतं. पाहुण्यांना पाठवायच्या जागा त्यांच्या ठरलेल्या असतात, कधी त्यात कमिशनही असतं. प्रश्न बदल. "सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरच्यांना घेऊन कुठे जाता?" असं विचार. माणूस थांबतो, विचार करतो, आणि मग जे नाव सांगतो ते त्याने स्वतःच्या पैशाने खाल्लेलं असतं. लांबच्या बसचा ड्रायव्हर जिथे गाडी थांबवतो त्यावर मात्र विसंबू नकोस, गाडीभर गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्याचं जेवण बहुतेक वेळा फुकट असतं. माझी सगळ्यात भरवशाची युक्ती मंडईतली. सकाळी लवकर उठून भाजीबाजारात किंवा मासळीबाजारात एक चक्कर मारायची आणि विक्रेत्याला विचारायचं, की हॉटेलवाल्यांपैकी निवडून घेणारा कोण? कोण स्वतः येतो, कोण नुसता फोन करून मिळेल ते पाठवायला सांगतो, कोण संध्याकाळी उरलेलं स्वस्तात उचलतो, सगळं त्यांना पाठ असतं आणि सांगायला आवडतंही. अशा एका बाईंनी मला नाव सांगितलं ते सांगितलंच, वर म्हणाल्या, "त्याच्याकडे जा, पण त्याच्याशी भाव करू नका, तो माझ्याशी करतो तेवढं पुरे आहे."

आता तुझे ते तारे. हॉटेलांना तारे देणारं मिशेलिनचं मार्गदर्शक मुळात टायरच्या कंपनीने १९०० साली काढलं, मोटारवाल्यांना फुकट वाटायला. लोक जास्त हिंडले की टायर जास्त झिजतील, इतका सरळ मतलब. तारा आला १९२६ मध्ये, आणि एक-दोन-तीन ही उतरंड १९३१ मध्ये. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं, तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा. त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात, बिल भरतात, आणि तारा ताटातल्या अन्नावरच देतात, असं कंपनी सांगते. मला त्यात खोट दिसत नाही. पण नीट बघ, ही सगळी मोजदाद प्रवाशाची आहे. मंगळवारी दमूनभागून घरी येताना कुठे शिरावं, याची खूण त्यात नाही. १९९७ पासून ते माफक दरातल्या चांगल्या जेवणाला 'बिब गुरमाँ' अशी वेगळी नोंद देतात. आपल्यासारख्यांनी बघायची तर ती.

ऑनलाइन रेटिंगचं दुखणं वेगळं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लूका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास मांडला होता: येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की कमाई ५ ते ९ टक्क्यांनी वाढते. हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर दिसला, अनेक शाखांच्या साखळीवाल्यांवर नाही, कारण साखळीत काय मिळणार हे लोकांना आधीच माहीत असतं. आता एका ताऱ्यात एवढा पैसा असेल तर तो विकत घ्यायचा मोह कुणाला होणार नाही? २०१७ मध्ये लंडनच्या डलविच भागात ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने स्वतःच्या परसातली शेड हॉटेल म्हणून ट्रिपअॅडव्हायझरवर नोंदवली. पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस वापरला, मित्रांकडून कौतुक लिहून घेतलं, टेबल मागायला फोन आला की "जागा नाही" म्हणून सांगितलं. ते मुळात नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं! अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये आला, म्हणजे रोग किती पसरला असेल बघ.

म्हणून रेटिंग वाचू नकोस असं मी म्हणत नाही, मीही वाचते. पण सरासरीचा आकडा सोड. खूश झालेले आणि चिडलेले लोकच बहुधा लिहायला बसतात. मधल्या तीन ताऱ्यांवाले वाच, ते बापडे दोन्ही बाजू सांगतात. गेल्या दोन-तीन महिन्यांतलंच वाच, कारण आचारी बदलला की जुनी स्तुती कुचकामाची. हॉटेलने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी टाकलेले, वेडेवाकडे, कमी उजेडातले बघ. आणि तिथल्या भाषेत लिहिलेलं भाषांतराला लावून वाच. नुसते पाहुणेच स्तुती करत असतील आणि गावातलं कुणी एक अक्षर लिहीत नसेल तर काय ते समज. हे सगळं निघण्याआधी घरी कर. दोन-तीन जागा नकाशावर खूण करून ठेव, त्यातली एक मुक्कामापासून चालत जाण्याजोगी. पोटात कावळे ओरडत असताना माणूस समोर येईल तिथे शिरतो.

तब्येतीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त नाही. बुफेत कोमट ते वाईट. वाफ दिसत नसेल तर सोड, मोठ्या परातीपेक्षा लहान भांडी भराभर बदलणारी जागा बरी. रस्त्यावरच्या गाडीला नाक मुरडू नकोस, तुझ्या डोळ्यांसमोर कढईतून उतरलेलं बंद खोलीतल्या झाकून ठेवलेल्यापेक्षा भरवशाचं. पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात एकच आहे का, तेवढं बघ. एकटा असशील तर भटारखाना दिसेल असं आसन मागून घे, आणि महागड्या ठिकाणी जायचंच असेल तर दुपारी जा. आचारी तेच असतात, बिल बऱ्याचदा बरंच कमी येतं.

आता घराजवळचं. इथे तू परगावच्यासारखा वागतोस, रोज नवं नाव, रोज नवा डबा. अरे, तुझ्या हातात जे परगावी कधीच नसतं ते इथे आहे: तू परत जाऊ शकतोस. चालत जाण्याजोग्या दोन-तीन जागा धर आणि तिथेच जात राहा. पहिल्या खेपेला त्यांचा सगळ्यात साधा पदार्थ मागव, त्यात लपवायला काही नसतं. नवीन उघडलेल्या जागेला महिना-दोन महिने दे, सुरुवातीला भटारखान्याची घडी बसलेली नसते. शनिवार-रविवारच्या गर्दीवरून मत बनवू नकोस. आठवड्याच्या मधल्या वारी, जरा लवकर जा. तेव्हा मालकाला बोलायला सवड असते.

ओळखीने फरक पडतो, आणि तो ताटात दिसतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइकल यांनी १९९३ मध्ये ल सर्क या नामांकित हॉटेलचं परीक्षण लिहिलं होतं. वेश बदलून सामान्य बाई म्हणून गेल्या तेव्हा ताटकळत ठेवलं, आणि ओळखलं गेलं तेव्हा टेबल लगेच मिळालं, गोड पदार्थावरच्या रास्पबेरीसुद्धा आकाराने मोठ्या झाल्या. त्यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि त्या वर्तमानपत्राने हॉटेलला दिलेला एक तारा गेला. लोक हे वाचून चिडले, आणि चिडायलाच हवं. पण माझ्या मनात दुसराच विचार आला. समीक्षक होणं आपल्या हातात नाही, नेहमीचं गिऱ्हाईक होणं मात्र कुणालाही जमतं. त्याला पैसा लागत नाही. वेळेवर जायचं, वेटरला नावाने हाक मारायची, बरं झालं तर भटारखान्यापर्यंत सांगायचं आणि बिघडलं तर हळू आवाजात तिथल्या तिथे सांगायचं. रागाने ऑनलाइन लिहून टाकलंस तर त्यांना सुधारायची संधी नाही आणि तुला परत जायला तोंड नाही.

मागवायचंच असेल तर सरळ त्यांच्या नंबरवर फोन कर आणि चालत जाऊन घेऊन ये. मधली अॅप हॉटेलाकडून इतकं कमिशन घेतात की २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराला त्यावर १५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली होती. त्या पैशात तुझ्या ओळखीच्या आचाऱ्याचा पगार असतो. शिवाय डब्यात बंद करून अर्धा तास स्कूटरवर हिंदकळलेलं अन्न चांगलं कसं लागेल? तू आचाऱ्याला बोल लावतोस, तो बिचारा निर्दोष.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतो आहोत. तोपर्यंत एक तरी जागा धरून ठेव. बाबांना तिखट सोसत नाही हे मालकाला आधी सांग, आणि शनिवारचं ठरवू नकोस.

तुझी,
आई