बाबा, व्हर्नियर काढून ठेवा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मागच्या महिन्यात निघताना आईने विचारलं होतं, "शाळेतली कायमची नोकरी सोडलीस, आता कंपनीत जाऊन मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेस, म्हणजे नक्की काय करतेस गं?" एसटी गाठायची होती, मी काहीतरी सांगून निघाले. बाबा काहीच बोलले नाहीत. तुमचं ते गप्प बसणं पेठ नाक्यापासून चाकणपर्यंत माझ्यासोबत होतं. आज रविवार आहे, निवांत लिहिते.

मी पहिली बॅच घेतली त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि जर्मनीला जातात. क्वालिटी, डिस्पॅच आणि टूलरूम मिळून चौदा जण. सगळे आपल्यासारखे मराठी शाळेतले, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, हे त्याच्या आधीचे. मी शाळेत शिकवायचे तसंच सुरू केलं. काळ ओळखा, रिकाम्या जागा भरा. तिसऱ्या तासाला सातच जण आले. त्यातले एक दादा तास संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवता चांगलं. पण सोमवारी कस्टमरचा कॉल असतो, तिथे याचं काय करू?"

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आठवडाभर नुसती ऐकत राहिले. कॉलच्या वेळी कोपऱ्यात बसले, साहेबांची परवानगी घेऊन यांचे मेल वाचले. तेव्हा कळलं की ही माणसं व्याकरणापेक्षा वेगळ्याच ठिकाणी अडतात. आपण समोरचा बोलत असताना "हो, हो" म्हणतो, म्हणजे ऐकतोय एवढंच. यांनी तसंच "येस, येस" म्हटलं आणि पलीकडच्याने लिहून घेतलं की माल आठवडाभर आधी पाठवायचं कबूल झालं! आपण शंका विचारतो, म्हणून हे "आय हॅव अ डाउट" म्हणतात. पलीकडच्याला वाटतं, माझ्यावर विश्वास नाही. आणि "रिपोर्ट पाठवा" यात आपला मान त्या "पाठवा"मध्येच असतो. इंग्रजीत नुसतं "सेंड द रिपोर्ट" लिहिलं की तो मान गळून पडतो, उरतो हुकूम. ही माणसं मुळात किती अदबीने बोलतात ते मला माहीत होतं, म्हणून ते मेल वाचताना फार वाईट वाटलं. डिस्पॅचच्या एकाने जर्मन कागदावरचे 1.500 नग बघून मला विचारलं, दीड नग कसा पाठवायचा? तिकडे हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम. हेही मग तासाला घेतलं.

सगळ्यात जास्त शिकले ते त्यांच्या 8डी रिपोर्टवरून. माल नापास झाला की कस्टमरला हा रिपोर्ट भरून द्यावा लागतो. ही मुळात फोर्ड कंपनीची पद्धत, आठ पायऱ्यांची. दोष का आला ते लिहायचं, तो भूतकाळ. आतापर्यंत काय काय केलं, ते पूर्ण वर्तमान. पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, तो भविष्यकाळ. जे काळ मी फळ्यावर तीन तास समजावत होते, ते यांच्या रोजच्या कागदावर आयते मांडलेले होते. आता मी तासाला त्यांचाच जुना रिपोर्ट घेते, आकडे आणि नावं खोडून. दोष त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतो, मी फक्त वाक्य देते. बोलताना कुणी चुकलं तर मध्येच थांबवत नाही. वहीत टिपून ठेवते आणि शेवटच्या दहा मिनिटांत नाव न घेता फळ्यावर लिहिते. चाळिशीच्या माणसाला त्याच्या हाताखालच्या पोरांसमोर अडवलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही.

ऑफिसातून विचारणा झाली की चाळीस तासांत सगळे बी2 होतील ना? युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरवल्यात, ए1, ए2, बी1, बी2 असं करत सी2 पर्यंत. आमचे बहुतेक जण ए2 वर आहेत, आणि एकेका पायरीला साधारण दोनशे तास लागतात. मी स्पष्ट सांगितलं, बी2 होणार नाही. सोमवारचा कॉल मात्र हे स्वतः घेतील. काम जाईल अशी भीती होती, पण खोटं कबूल करवेना. आता त्या कॉलला सहा जण स्वतः बोलतात. न कळलेलं पुन्हा विचारतात, आणि शेवटी काय ठरलं ते वाचून दाखवतात.

बाबा, तुम्हाला फोरमन करत होते तेव्हा मी सातवीत होते. जबाबदारी वाढते, असं तुम्ही घरी सांगितलंत. रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागला असता, हे आईने मला फार नंतर सांगितलं. मिलच्या आवाजावरून बेअरिंग जायला आलंय हे ओळखणारा माणूस चार ओळींसाठी मागे राहिला. प्रत्येक बॅचमध्ये मागच्या बाकावर तसं कुणीतरी बसलेलं असतं. मी शाळा का सोडली, त्याचं उत्तर तिथे बसलेलं आहे. हे तोंडाने सांगणं मला जमलं नसतं.

पुढची बॅच पूर्ण टूलरूमची आहे. गो-नोगो गेज म्हणजे भाग मापात बसतो की नाही ते दाखवणारं साधन, टॉलरन्स म्हणजे मापातला चालणारा फरक, बर म्हणजे कापल्यावर कडेला उरलेली धातूची कोर, हे शब्द मला पाठ आहेत, पण हातात धरून माहीत नाहीत, आणि ते माहीत नसताना मी त्यांना काय विचारणार? शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते. दोन ड्रॉइंग आणते. लाकडी पेटीतलं व्हर्नियर आणि मायक्रोमीटर काढून ठेवा, शनिवारी सकाळी मला मोजायला शिकवा. आई, तुझ्या डोळ्यांचे थेंब पुण्याहून घेतलेत, तिथे शोधत बसू नकोस.

तुमची,
मनू