पत्ता वाचायला कोण शिकवणार?

संपादक महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी २७ वर्षे हिशेब लिहिते. मागच्या महिन्यात सूतवाल्या व्यापाऱ्याच्या नावाने ईमेल आला : आमचे बँक खाते बदलले आहे, यावेळचे बिल खालील खात्यात भरावे. लेटरहेड तेच, जीएसटी क्रमांक तोच, रक्कम पैशापर्यंत बरोबर. शेठ म्हणाले, भरून टाका, सुताची गाडी अडायला नको. मी आरटीजीएस करायला, म्हणजे बँकेतून थेट त्या खात्यात पैसे पाठवायला बसले आणि आयएफएससी या बँक-शाखेच्या कोडवर अडले. त्या ११ अक्षरांतली पहिली ४ बँकेची असतात. पत्रात नाव एका बँकेचे, कोड दुसरीचा! शेठना वाटले, मी उगाच नाट लावतेय. ईमेलखालचा नंबर सोडून मी माझ्या डायरीतला जुना नंबर लावला. व्यापारी म्हणाले, "ताई, खातं कसलं बदलतंय? वडिलांच्या काळापासून तेच आहे."

मग ईमेलचा पत्ता नीट पाहिला. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवले होते. चष्मा लावूनही पटकन कळत नाही.

आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नव्हे, हे मला कुठल्या वर्गात कळले नाही. एकदा एक आकडा चुकला तेव्हा कळले. आता पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचे नाव दिसण्याची सोय झाली आहे. पण आमची नवी पोरे ते नाव वाचतच नाहीत, 'पुढे' दाबून मोकळी. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सगळ्यांकडे आहे. एक्सेलवर हात माझ्या दुप्पट वेगाने चालतो, हेही खरे.

शेजारच्या अक्का विड्या वळतात. लाडकी बहीणच्या १,५०० रुपयांसाठी ई-केवायसी करा, अशी लिंक त्यांना व्हॉट्सअॅपवर आली. "यात गव्ह लिहिलंय की," म्हणाल्या. लिहिले होते, पण मधेच कुठेतरी. सुरुवातीचे एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या अगदी डावीकडे 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तरच ती सरकारी साइट समजायची, एवढे मी सांगितले. अक्कांनी ते लेकीला तेलुगूत समजावले आणि मग मला म्हणाल्या, "पाकिटावर गल्ली कुठलीही असू दे, गावाचं नाव शेवटी बघायचं, तसंच ना?" मला इतके सोपे सांगता आले नव्हते.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरचे फलक लागतात, ते लागावेतच. पैसे गेल्यावर जितका लवकर फोन, तितकी ते अडवण्याची शक्यता जास्त. पण तो पैसे गेल्यानंतरचा नंबर. त्याआधीचे शिक्षण पगाराच्या दिवशी कारखान्यात अर्धा तास देता येईल. भाषण नको, लोकांना आलेले खरेखुरे खोटे मेसेज छापून हातात द्यावेत आणि चूक शोधायला लावावी.

आपल्यालाही एक विनंती. शब्दकोड्याशेजारी आठवड्यातून एकदा दोन पत्ते छापा, एक खरा, एक बनावट. उत्तर दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे अंक सकाळी येतो आणि दुपारच्या डब्यापर्यंत पॅकिंगच्या बायकांपासून वॉचमनपर्यंत फिरून मळलेला असतो. कोडे मात्र कायम अर्धेच राहते.

— एक हिशेबनीस, सोलापूर